मागची कड

२ सप्टेंबर

पोचलो. खोली बरी आहे. पलंग, टेबल, खुर्ची, कपाटाला आरसा. वय एकसष्ट आणि इमारतीवर पाटी विद्यार्थी वसतिगृहाची. हसायला कोणी नव्हतं म्हणून मीच हसलो.

हौस म्हणून आलेलो नाही. चौतीस वर्षं पाय बनवतोय. गुडघ्याखाली पाय कापलेला माणूस कुबड्यांवर येतो, मी त्याला पाय करून देतो, तो चालत घरी जातो. आता नवीन नियम निघाला. ज्याच्याकडे कागद असेल त्यानेच पायाच्या कार्डावर सही करायची. माझ्याकडे कागद एकच, सातवी पासचा. साहेब म्हणाले, "मामा, परदेशातल्या कॉलेजशी अदलाबदल योजना आहे. तिकडचा एक आपल्याकडे, आपला एक तिकडे. एक सत्र काढा, प्रमाणपत्र घेऊन या, मग वर्कशॉपचे प्रमुख तुम्हीच." नाही म्हटलं असतं तर सही गेली असती, आणि सही गेली की गोण्या उचलायचं काम उरतं. म्हणून आलो.

तिकडचा कोण येणार ते विचारलं नाही. आपल्याला काय करायचंय.

ही वही कारकुनाने दिली. कारकून म्हणजे माझ्या हाताखालची बाई, अकरा वर्षं झाली तिला. पेशंट आला की माप घ्यायच्या आधी त्याला वीस प्रश्न विचारते आणि उतरवून घेते, म्हणून मी ठेवलेलं नाव. म्हणाली, "मामा, तिकडे शिकाल ते यात लिहून आणा, मलाही शिकवा." उघडली तर पहिल्या पानावर तिचेच प्रश्न, नंबर घालून. ते पान दुमडलं आणि पिन मारली. दुसऱ्या पानापासून माझं.

३ सप्टेंबर

ओळखपत्राच्या रांगेत उभा होतो. पुढेमागे सगळी विशीतली. खिडकीतल्या बाईने मला हसून बाजूच्या बाकाकडे बोट दाखवलं. मला वाटलं वयाचा मान. अर्धा तास बसलो. मग कळलं तो पालकांचा बाक. परत रांगेत, शेवटी.

फोटो काढताना म्हणाली, हसा. कशाला ते काही सांगितलं नाही.

६ सप्टेंबर

वर्ग सुरू. इंग्रजी मला कामापुरतं येतं. दुखतं का, इथे का, चाला, बसा. इथे त्याचा उपयोग नाही, कारण पेशंट कोणी दिसतच नाही. पडद्यावर हाडं दाखवतात. ज्या हाडावर मी चौतीस वर्षं अंगठा ठेवतोय त्याचं नाव आज कळलं. नाव कळून अंगठ्याला काही फरक पडलेला नाही.

आपल्या भाषेची एक मुलगी आहे वर्गात, पदवीसाठी आलेली. मास्तरीणबाईंचं मला सांगते, माझं त्यांना. तिचं नाव पोपटीण ठेवलं. म्हणाली, "काका, पोपट स्वतःचं काही बोलत नाही. मी बोलते." ते खरं आहे, फारच बोलते.

कारकुनाचा फोन आला. म्हणाली, "मामा, तुमच्या जागी ते आलेत ना, त्यांनी आल्याआल्या..."

मी म्हटलं, "माझ्या साचे घासायच्या कानशीला हात लावू नकोस, आणि लावू देऊ नकोस कोणाला."

"नाही लावत. पण ते काय म्हणतायत..."

"इथे फोन मिनिटावर चालतो का गप्पांवर? फालतू सांगू नकोस. ट्रेमधलं प्लास्टर ओलं राहू देऊ नकोस."

बरं म्हणाली. तिचं बरं ऐकलं की समजायचं, तिला अजून दहा वाक्यं बोलायची होती.

१३ सप्टेंबर

काल वर्कशॉप बघितलं. दवाखान्याहून स्वच्छ. जमिनीवर प्लास्टरचा ठिपका नाही. पेशंटच्या उरलेल्या पायाभोवती एक कांडी फिरवतात, पडद्यावर पाय उमटतो, खुर्चीत बसून तो माऊसने इकडेतिकडे ओढतात, आणि शेजारच्या खोलीत यंत्र साचा कापून देतं. शेवटी कोणाचे हातच मळत नाहीत.

विचारलं, प्लास्टर आहे का. जिन्याखालून अर्धी गोण निघाली. कालच डमी पायावर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या, घट्ट झाल्यावर खोळ काढली, आत प्लास्टर भरलं. आज खोळ फोडून आतला साचा घासायला घेतला. हाड टोचेल तिथे चढवायचं, मांस भार घेईल तिथे उतरवायचं. हे डोळ्याने होत नाही, तळहाताने होतं. साचा झाला की त्यावर प्लास्टिकची वाटी ओढायची. त्या वाटीत माणसाचा पाय बसतो. वाटी जमली तर पाय जमला, खालचं सगळं नुसतं नळी आणि बूट.

कानस इथलीच होती, दात गेलेली. तरी अर्ध्या तासात उरकलं. मान वर केली तर सगळा वर्ग खुर्च्या सोडून भोवती.

पोपटीण म्हणाली, "काका, बाई विचारतायत, किती घासायचं हे ठरवता कसं?"

"सांग, हाताला कळतं."

ती मिनिटभर बोलत राहिली. म्हटलं, "मी एवढं बोललो?"

"बाकीचं मी घातलं. तुमचं एवढंसं उत्तर दिलं असतं तर उद्धट वाटलं असतं."

घरी फोन करून हिला सांगितलं, सगळा वर्ग बघत होता. ही म्हणाली, "जेवलात का?"

२२ सप्टेंबर

रविवार. खोलीतली खुर्ची डुगडुगत होती, परवा पाचर ठोकली. आज दाराखालून चिठ्ठी. फर्निचरला हात लावू नये, तक्रार नोंदवावी. पोपटीणने वाचून दाखवली. तक्रार नोंदवली की माणूस तीन आठवड्यांनी येतो म्हणे. मी विचारलं, येऊन काय करतो? म्हणाली, "पाचर ठोकत असेल."

स्वयंपाकघर दहा जणांत एक. मला खालची फळी दिली आहे. वाकायला मलाच लावलं, कारण पोरं उंच आणि आधी आलेली. भात लावला. सगळे आपापल्या ताटलीत बघून जेवतात. सोबत जेवायला बसायचं म्हणून कोणी कोणासाठी थांबत नाही. मी सुरुवातीला थांबलो. भात गार झाला.

१ ऑक्टोबर

आज माझ्या हातांचा सिनेमा काढला. हातमोजे दिले, त्यांवर पांढरे ठिपके, भोवती सहा कॅमेरे. सहा साचे घासायला लावले. मास्तरीणबाई खुश. म्हणाल्या, असे हात आता कुठे राहिले नाहीत, ते जपून ठेवायचे आहेत. मला तर हात मनगटाला आहेत तिथेच बरे वाटतात. पण इतक्या वर्षांत साहेबांनी एवढं कौतुक केलेलं नाही, तेही खरं.

सही मागितली. चार पानं. पोपटीण म्हणाली, "काका, मी वाचून सांगते आधी."

"वाचत बसलो तर प्लास्टर घट्ट होईल."

"होऊ दे. यात लिहिलंय की हे जे तुमचं..."

तोवर केली सही. ती गप्प बसली. दुपारीही गप्पच. पोपटीण गप्प बसली तर वर्ग कळत नाही, ही अडचण.

९ ऑक्टोबर

कारकुनाचा फोन. "मामा, साच्यांवर खडूने नंबर आहेत ते कुठल्या वहीप्रमाणे? साहेब मागतायत."

म्हटलं, वही कसली, माझ्या डोक्यात आहेत. तीनशे अकरा साचे आहेत माझ्याकडे. ज्याला पाय दिला त्याचा साचा फळीवर ठेवतो. पुढचा पाय लागला की साचा काढायचा, बोटाने चाचपायचा, काम सुरू. सत्तेचाळीस नंबर शिंप्याचा. नऊ पाय केले त्याला, दहावा डोळे मिटून करीन. सगळ्यांची नावं सांगितली तिला, जेवढी आठवली तेवढी. ती लिहून घेत होती, कागदाचा आवाज येत होता.

शेवटी साफसफाई काढली म्हणायची साहेबांनी. वीस वर्षं सांगतोय फळ्या वाढवा.

फोन ठेवताना म्हणाली, "मामा, तुम्हाला लवकर नाही का येता येणार? डिसेंबरच्या आधी?"

"का? मी नाही म्हणून काम अडतंय?"

"अडत नाहीये," म्हणाली. "तेच."

करमत नसेल तिला. ओरडणारं कोणी नसलं की माणसाला चुकल्यासारखं होतं.

२४ ऑक्टोबर

लेखी परीक्षा. पोपटीणला प्रश्न वाचून दाखवायची परवानगी मिळाली, उत्तर सांगायची नाही. हाडाचं नाव आठवेना तर मी स्वतःच्या पायावर बोट ठेवलं. परीक्षक हसला, पण गुण दिले नाहीत. काठावर पास. आता सगळं प्रात्यक्षिकावर. खरा पेशंट देणार, त्याला पाय करून द्यायचा, त्याने तो दोन आठवडे वापरायचा, मग परीक्षा. ते तर माझं रोजचंच. प्रमाणपत्र खिशात आहे म्हणायला हरकत नाही.

४ नोव्हेंबर

पेशंट मिळाली. टॅक्सी चालवते. चाळिशीची, अंगाने भरलेली, डावा पाय गुडघ्याखाली नाही. आली तीच बोलत, पोपटीणही तिच्यापुढे फिकी. मास्तरीणबाईंनी दोन पानी फॉर्म दिला, पेशंटला विचारून भरायचा. मी वर तारीख घातली आणि ठेवून दिला. माणूस दारातून आत येतो तेव्हाच कळतो. कसा वळतो, कुठला खांदा पडतो, वाट बघताना कशाला टेकतो. विचारलं की माणूस भलतंच सांगतो.

पट्ट्या गुंडाळताना ती पोपटीणला काहीतरी सांगत होती, दोघी हसत होत्या. म्हटलं, काय म्हणते? "म्हणते, तुमच्याकडे पेशंटशी कोणी बोलत नाही का?"

"सांग, हात चालू असला की तोंड बंद ठेवतो."

७ नोव्हेंबर

हिचा फोन. "तुमची कारकून घरी आली होती. रिक्षातून पाच-सहा साचे आणले आणि अंगणात ठेवून गेली. म्हणाली, तिथे जागा नाही, वहिनी, राहू देत तुमच्याकडे. चहाला थांबली नाही. डोळे कसेतरीच दिसत होते तिचे."

माझं डोकंच फिरलं. संस्थेचा माल उचलून घरी आणायचा? उद्या कोणी म्हटलं, मामांनी जाताना सामान पळवलं, तर? चौतीस वर्षांत एक खिळा घरी नेला नाही.

हिला म्हटलं, आजच्या आज परत पाठव.

ही म्हणाली, "अहो, काहीतरी कारण असेल. विचारा तरी तिला."

"कारण कसलं, पसारा आवरायचा कंटाळा. कुठले नंबर आहेत?"

चष्मा लावून बघून आली. सत्तेचाळीस होता त्यात. संध्याकाळी पुन्हा फोन करून खात्री केली. गेले परत सगळे.

१४ नोव्हेंबर

टॅक्सीवालीचा पाय झाला. आज घालून चालली. आरशासमोर तीन फेऱ्या, मग बाहेरच्या व्हरांड्यात, मग न सांगता जिना. मास्तरीणबाई बघत राहिल्या. टॅक्सीवालीने माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. वर्गातली पोरं टाळ्या वाजवत होती. टाळ्या कशाला, पाय चालतो म्हणून? चालायलाच पाहिजे.

तरी बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

कारकुनाने आठवडाभर फोन केला नाही. रागावली असेल साच्यांवरून. रागावू दे, शिस्त कळेल.

२१ नोव्हेंबर

टॅक्सीवालीने माझ्या नावाचा लिफाफा ऑफिसात ठेवला होता. आत कागद, इंग्रजीत, खाली सही. पाय मिळाल्याची पोच असणार. पोपटीण तापाने खोलीत पडून आहे, एवढ्यासाठी तिला कशाला उठवा. वहीत ठेवला.

२८ नोव्हेंबर

परीक्षा झाली.

तीन परीक्षक. टॅक्सीवाली चालली, चांगली चालली. मग तिला पाय काढायला सांगितला. गुडघ्याच्या मागे, जिथे वाटीची कड येते, तिथे मांस सुजून कडेवरून बाहेर आलेलं, घासून जांभळं झालेलं. एके ठिकाणी साल गेलेलं.

मोठे परीक्षक म्हणाले, मागची कड एवढी खाली का?

म्हटलं, जमिनीवर बसायला. कड वर असली तर गुडघा पूर्ण दुमडत नाही. मांडी घालता येत नाही, जेवायला खाली बसता येत नाही. मी सगळ्यांची खालीच घेतो.

पोपटीणने सांगितलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. टॅक्सीवालीही बघायला लागली, मग पोपटीणला काहीतरी म्हणाली, हळू आवाजात. पोपटीण मला सांगेना.

"बोल की."

"म्हणते, मी जमिनीवर शेवटची बसले तेव्हा शाळेत होते. दिवसभर गाडीत बसते, चाळीसदा उतरून लोकांच्या बॅगा उचलते. उचलताना मागे आधार मिळत नाही. म्हणते, मी लिहून दिलं होतं तुम्हाला."

मास्तरीणबाईंनी विचारलं, फॉर्म भरताना हे विचारलं नव्हतं का? आणि फॉर्म हातात घेतला. त्यावर तारीख होती.

टॅक्सीवाली जाताना खांद्यावर थोपटून गेली. मीच रडत असल्यासारखं. मी रडत नव्हतो.

खोलीवर आलो. वहीच्या पहिल्या पानाची पिन काढली. काम काय करता. दिवसात किती वेळ उभे. ओझं उचलता का. कशावर बसता. जमिनीवर बसता का, रोज की कधीतरी. बसताना कुठे टोचतं. अक्षर चांगलं आहे तिचं. पिन परत मारली.

२ डिसेंबर

निकाल. प्रमाणपत्र मिळालं, हजेरीचं. सत्राला उपस्थित होते असं लिहिलंय. त्याच्या जोरावर पायाच्या कार्डावर सही करता येत नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, तुमचे हात आमच्या यंत्रात कायमचे आहेत, तुम्ही सही केलीत तेव्हाच ते कॉलेजचे झाले, आता ते बऱ्याच ठिकाणी जातील. पोपटीणने हे भाषांतर खाली बघून केलं.

विचारलं, हे होतं त्या चार पानांत?

"हो काका."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"



३ डिसेंबर

साहेब फोन उचलत नाहीत. तीनदा केला. शेवटी कारकुनाला लावला.

म्हटलं, "तिथे काय चाललंय?"

"काय सांगू, मामा."

"सगळं सांग. मी ऐकतोय."

मग म्हणाली, "हे तुम्ही पहिल्यांदा म्हणालात."

सांगितलं तिने. मी इकडे आलो त्याच आठवड्यात इकडचा तिकडे गेला. या मास्तरीणबाईंचाच माणूस. सोबत कांडी घेऊन गेला, साचा कापायचं यंत्र घेऊन गेला. माझ्या टेबलावर बसला. टेबल नंतर काढलं, यंत्राला जागा हवी होती. तीनशे अकराच्या तीनशे अकरा साच्यांवर कांडी फिरवली आणि मग ट्रक बोलावून टाकून दिले. फळ्याही काढल्या.

"सत्तेचाळीस?"

"तुम्ही परत पाठवायला लावलेत ना. आले त्याच दिवशी ट्रक होता."

"आणि सही कोण करतं?"

"मी." मग लगेच म्हणाली, "त्यांनी इथेच शिकवलं, परीक्षा घेतली. साहेबांनी मला विचारलं, मी हो म्हटलं. नाही म्हणून काय केलं असतं, मामा? घरात चार माणसं आहेत माझ्यावर. तुम्हाला मी सप्टेंबरातच सांगत होते. तुम्ही म्हणालात, फालतू सांगू नकोस."

मागे जाऊन बघितलं. सहा सप्टेंबर. माझ्याच अक्षरात लिहिलंय.

तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. म्हटलं, ट्रेमधलं प्लास्टर ओलं ठेवू नकोस. म्हणाली, "मामा, प्लास्टर बंद झालं."

१८ डिसेंबर

निघालो. खोली तपासायला माणूस आला, खुर्ची हलवून बघितली, हलली नाही, खूण केली. ओळखपत्र परत घेतलं. फोटोत मी हसलेलो नव्हतोच. पोपटीण बसपर्यंत आली, सगळ्या वाटेत बडबड, सर्दी झाल्यासारखा आवाज. म्हणाली, "काका, पोचलात की कळवा." म्हटलं, कळवून काय होतं, पोचलोच असेन. बस सुटल्यावर वाटलं, बरं म्हणायला काय झालं होतं.

६ जानेवारी

वर्कशॉपला गेलो. साहेब भेटले, खुर्ची दिली, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच समजलो. म्हणाले, सल्लागार म्हणून या, आठवड्यातून एकदा, तुमचा अनुभव मोठा. सल्ला कोणी विचारायचा ते सांगितलं नाही.

आत सगळं पांढरं. माझ्या टेबलाच्या जागी यंत्र, कपाटाएवढं. तिकडून आलेला परत गेलाय, यंत्र ठेवून. कारकुनाने अंगात कोट घातला होता, खिशावर तिचं नाव. उठून उभी राहिली. तिला बस म्हटलं.

किल्ली काढून तिने कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी कानस काढली. "हात लावला नाही मामा, कोणाला लावू दिला नाही."

म्हटलं, "राहू दे तुझ्याकडे."

"काय करू? मला घासता येत नाही. अकरा वर्षांत तुम्ही ती एकदाही माझ्या हातात दिली नाहीत."

हे तिने तक्रारीने म्हटलं नाही. बसची वेळ सांगावी तसं म्हणाली. कानस पिशवीत घातली.

मग यंत्र दाखवलं. पडद्यावर कोणाचा तरी पाय होता. तिने बटण दाबलं आणि यंत्राने साचा घासायला घेतला, पडद्यावरच. नडगीवर चढवलं, खाली उतरवलं, पोटरीला एक लांब हात मारला. तो हात माझा होता. मी तसाच मारतो, शेवटी मनगट जरा वळवून. मान ताठ करून बघत राहिलो.

कारकून म्हणाली, "सगळं तुमच्यासारखं करतं. फक्त मागची कडसुद्धा खाली घेतं, दर वेळी. मी विचारून वर करते."

तेवढ्यात शिंपी आला. नववा पाय झिजला होता. मला बघून त्याला आनंद झाला. "मामा आलात, आता काळजी नाही." मी म्हटलं, या बाई करतात आता. पेशंटच्या बाकावर त्याच्या शेजारी बसलो, दुसरी जागा नव्हती.

ती वही घेऊन समोर स्टुलावर बसली. "कशावर बसता, काका?"

"स्टुलावर. मशीन चालवतो ना, दिवसभर पायडल."

"जेवायला?"

"टेबलावर. थोरल्याने घर बांधलं तेव्हापासून. वर्षं झाली आता."

"जमिनीवर कधी?"

"छे. खाली बसलो तर उठवायला दोघं लागतात."

"मग पायडल मारताना मागे घासत नाही?"

शिंप्याने माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. "तसं काही नाही," म्हणाला. "सवय झाली. एवढ्या जिवाने करून देतात मामा, त्यांना काय सांगायचं."

तिने पाय काढायला लावला. वाटीच्या मागच्या कडेला आतून कापडाची गादी बसवलेली होती. बोटभर जाड, कडेच्या गोलाईत नेमकी कापलेली. गुडघ्यामागे जुना काळा वण.

"प्रत्येक पायाला करतो एक," शिंपी म्हणाला. "आठ-दहा दिवस जातात बसायला, मग छान चालतं."

मी गादी हातात घेतली. दुहेरी शिवण, काठाला गोट, आत भरलेलं कुठे गोळा झालेलं नाही. हाताला कळेल असं काम. विचारलं, कापड कुठलं वापरलंस?

"तुमच्याच पँटचं, मामा. उंची कमी करायला टाकली होतीत. न्यायला आलाच नाहीत."